चिमट्यांचं चाक

लेकीने केस कापले, ही काही आईने झोप घालवावी अशी गोष्ट नाही. बायका केस कापतात, वाढवतात, रंगवतात. पण माझ्या लेकीचे केस कमरेखाली यायचे आणि तिला त्यांचा इतका तोरा होता की टोकं कातरायलासुद्धा ती मला हात लावू द्यायची नाही. उंची मिळाली नाही, निदान ही लांबी तरी राहू दे, असं तीच म्हणायची. ती एके दिवशी मानेपर्यंत कापलेले केस घेऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली, उकडतं गं फार. मी बरं म्हटलं. छान दिसतात असंही म्हटलं, आणि ते खोटं नव्हतं. पण तेव्हापासून जो किडा डोक्यात वळवळायला लागला, तो काही केल्या जात नाही.

मग मी तिच्या घरी गेले. चहा ठेवायला स्वयंपाकघरात शिरले आणि सवयीने वरच्या फळीकडे हात नेला, तर साखरेचा डबा जागेवर नाही. चहापत्तीही नाही. कप नाहीत, गाळणं नाही. नात दारात उभी होती. ती म्हणाली, "आजी, वर काहीच नसतं आता. सगळं खाली राहायला आलंय."

मग मी बाकीचं घर बघितलं. टॉवेलचा खिळा खाली आला होता. आरसा खाली आला होता. बाल्कनीतली कपड्यांची दोरी इतकी खाली बांधलेली की जावई येता-जाता तिच्याखालून वाकून जात होता. घराला छातीच्या उंचीवर कुणीतरी रेघ मारावी आणि रेघेच्या वर काही ठेवायचं नाही असं ठरवावं, तसं ते घर दिसत होतं.

जावई लिफ्ट दुरुस्तीचं काम करतो. मोजून बोलणारा माणूस. मला खाली सोडायला आला तेव्हा जिन्यात त्याने सांगितलं. तिचा उजवा हात खांद्याच्या वर नेला की कळ येते आणि तो तिथे ठरत नाही. वेणी घालता येत नाही. काही दिवस त्यानेच वेणी घालून दिली, पण लिफ्टचे दोर ओढणाऱ्या हातांनी घातलेली ती वेणी इतकी घट्ट असायची की तिच्या भुवया वर चढायच्या. म्हणून शेवटी केस कापले. ती काम करते त्या हॉस्पिटलात न दाखवता लांबच्या एका डॉक्टरला दाखवलंय. डॉक्टर म्हणाले, खांद्यातला जो दोर हात वर उचलतो तो विरत चाललाय. हात डोक्यावर नेऊन ओढायचं काम आता बंद करा, नाहीतर एक दिवस तो तुटेल, आणि मग हात वर जाईल याची खात्री नाही.

"आईंना सांगू नकोस म्हणाली होती," जावई म्हणाला. "मी कुठे सांगतोय. तुम्हीच साखर शोधत होतात."

हात डोक्यावर नेऊन ओढायचं काम म्हणजे काय, हे कळायला तिच्या कामाची जागा कळायला हवी. आणि ती ते काम बंद का करत नाही, हे कळायला तीच कळायला हवी.

ती जन्मलीच लहान चणीची. शाळेत रांगेत कायम पहिली, फोटोत कायम खाली बसलेली. पाण्याच्या नळाशी बादली पालथी घालून उभी राहायची. तिच्या पाठचा भाऊ बघता बघता तिच्यापेक्षा वीतभर उंच झाला आणि त्यानेच तिचं नाव टिंगू ठेवलं. ते नाव तिला इतकं चिकटलं की आज तिच्या कामावरही तिला टिंगूच म्हणतात. तिला राग येत नाही. राग यायचा तो एकाच गोष्टीचा, कुणाला जास्त आणि कुणाला कमी मिळालं की. केक कापायला सुरी नव्हे, फूटपट्टी मागणारी मुलगी.

घरात एकच सायकल होती, मोठ्या माणसाची. गल्लीच्या टोकापर्यंत एक फेरी भावाची, एक फेरी हिची. भाऊ ऐटीत सीटवर बसायचा. हिचे पाय पोचायचे नाहीत, म्हणून ही दांड्याखालून पाय घालून, तिरकी होऊन, कैची मारत जायची. तिचे बाबा म्हणाले, तुझ्या पाळीला सीट खाली करून देतो. हिने साफ नकार दिला. सीट खाली करण्यात माझ्या पाळीतला वेळ जाणार, वर करण्यात त्याच्या पाळीतला जाणार, मग भांडण होणार. त्यापेक्षा सीट आहे तिथेच राहू दे, पाळी मात्र सारखी हवी. अख्खं बालपण तिने सायकल चालवली, पण सीटवर एकदाही बसली नाही. भाऊ अजून म्हणतो, टिंगूने सायकल चालवली नाही, ती सायकलीला लोंबकळत फिरली.

तिने पदवी घेतली तेव्हा मला वाटलं होतं, पोरगी कुठेतरी टेबल-खुर्चीवर बसेल. तिने चार ठिकाणी अर्ज केले, आणि तोवर रिकामं कशाला बसायचं म्हणून एका मोठ्या हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत कुणाच्या तरी रजेच्या जागी काही महिन्यांसाठी लागली. ते काही महिने अजून संपलेले नाहीत.

लॉन्ड्री तळघरात आहे. मी दोनदा गेले आहे. आत शिरलं की आधी चष्म्यावर वाफ धरते, मग आवाज येतो, मग वास. वरच्या सगळ्या मजल्यांवरच्या चादरी, उशांचे अभ्रे, पेशंटचे झगे, ऑपरेशनची हिरवी कापडं, सगळं एका मोठ्या पत्र्याच्या नळकांड्यातून खाली येऊन पडतं. ते आधी एका सिमेंटच्या ओट्यावर निवडायचं. रक्ताचं वेगळं, साधं वेगळं, आणि घड्यांमध्ये कुणाची विसरलेली सुई, चमचा, एकदा तर दातांची कवळी निघाली होती, ते बाजूला. ओट्यावर काम करायला कुणालाच आवडत नाही. मग धुण्याची मशिनं. एकेक मशीन खोलीएवढं, दार गोल. धुऊन झालं की आतल्या चादरी एकमेकींत पीळ घालून बसतात, ओल्या आणि दगडासारख्या जड, आणि त्या ओढून काढायच्या. मग इस्त्रीचा तापलेला रोलर, मग घड्या, मग ढकलगाड्यांतून वर पोचवणं. सगळ्यात सुखाची जागा घडीच्या टेबलाची. तिथे पंखा आहे.

पूर्वी कुणी कुठे काम करायचं हे मुकादम ठरवायचे. मुकादम माणूस वाईट नाहीत, पण त्यांना गोड बोलणाऱ्या बायका आवडतात. गोड बोलणाऱ्या पंख्याखाली आणि उलट उत्तर देणाऱ्या ओट्यावर, अशी सरळ विभागणी होती. ओट्यावर वर्षानुवर्षं एकच बाई होती. तिची उंची दाराच्या चौकटीला लागेल एवढी, म्हणून तिला शिडी म्हणतात. ओटा जेमतेम गुडघ्यांच्या वर. शिडी दिवसभर त्यावर कमरेत दुमडून असायची. माझी लेक नवी होती, तिने मुकादमांना विचारलं की हिला दुसरीकडे का नाही पाठवत. मुकादम म्हणाले, "फार ताठ आहे ती. वाकायची सवय होऊ दे."

हे वाक्य टिंगूने घरी येऊन मला सांगितलं तेव्हा ती जेवली नव्हती. पुढचे काही दिवस ती साबणाच्या पिंपाचं एक पत्र्याचं झाकण घेऊन बसली. त्यावर रंगाने सहा भाग पाडले, प्रत्येक भागात एकेका जागेचं नाव. ओटा, मशीन, रोलर, घडी, गाडी, आणि सहावी जागा शिलाईची, फाटलेलं रफू करण्याची. कडेला कपड्यांचे सहा चिमटे लावले, बाईगणिक एक, प्रत्येकीची खूण वेगळी. शिडीच्या चिमट्यावर आडव्या रेघा. स्वतःच्या चिमट्यावर नुसतं एक टिंब. माझ्याएवढंच आहे, ती म्हणाली. झाकण खिळ्यावर टांगलं. दर सोमवारी सगळे चिमटे एकेक घर पुढे. कुणी कुणाला विचारायचं नाही, कुणी कुणाचे उपकार मानायचे नाहीत.

पहिल्या सोमवारी सहाही जणी काही न बोलता आपापल्या नव्या जागी जाऊन उभ्या राहिल्या. मुकादम आधी ओरडले, मग मोठ्या साहेबांकडे जाईन म्हणाले, मग त्यांच्या लक्षात आलं की सहाच्या सहा जणींना घरी पाठवलं तर उद्या ऑपरेशन थिएटरला स्वतः चादरी धुऊन द्याव्या लागतील. महिन्याभरात ते पाहुण्यांना ते चाक दाखवून आपली पद्धत म्हणून सांगायला लागले. बायकांनी त्यांना सांगू दिलं.

शिडी पहिल्यांदा घडीच्या टेबलाशी, पंख्याखाली उभी राहिली, तेव्हा ती काही वेळ नुसती उभीच होती म्हणे. टिंगूने हे सांगताना माझ्याकडे पाहिलं नाही. तिच्या आयुष्यात तिला कशाचा अभिमान असेल तर त्या पत्र्याच्या झाकणाचा.

मग जुनी मशिनं गेली आणि नवी आली. ती बसवायच्या आधी हॉस्पिटलने एका तरुण मुलीला पाठवलं. तिचं कामच हे, माणसाच्या अंगाला काम आणि यंत्र जुळवून देणं. बायकांनी तिला मापवाली म्हणायला सुरुवात केली. ती आठवडाभर त्या वाफेत उभी राहून बघत होती. प्रत्येकीची उंची मोजली, कोपर जमिनीपासून किती वर ते मोजलं, हात पुढे किती जातो ते मोजलं. पहिल्या दिवशी फोटो निघणार अशी हूल उठल्यामुळे चौघीजणी टाचांच्या चपला घालून आल्या होत्या. तिने हसत सगळ्यांना चपला काढायला लावल्या आणि पुन्हा मोजलं. टिंगूला ती आवडली होती. चुणचुणीत आहे, म्हणाली, आणि ऐकून घेते.

मापवालीने सुचवलं ते असं. नव्या मशिनांखाली सिमेंटचे चौथरे बांधायचे होते. तिचं म्हणणं, काही मशिनं खालच्या चौथऱ्यावर बसवू आणि काही वरच्या. बुटक्या बाईने खालच्या मशिनातून कपडे काढायचे, उंच बाईने वरच्या. काम कोपरापाशी आलं पाहिजे, कोपराने कामापाशी जायचं नाही.

चहाच्या वेळेला सहाजणींची बैठक बसली. एकीने विचारलं, मग खालच्या मशिनावर कोण जाणार आणि वरच्यावर कोण, हे ठरवणार कोण? मापवाली म्हणाली, जिला जे सोयीचं. त्यावर आजीबाई, जी चाकाआधी कायम रोलरवर असायची आणि जिला सगळ्या घाबरतात, ती म्हणाली, "सोयीचं म्हणजे कुणाच्या सोयीचं, ते आम्ही पाहिलंय." सगळ्या हसल्या आणि गोष्ट तिथेच मिटली. टिंगू शेवटी बोलली. मशिनं सगळी सारखी, पाळी सारखी. आज उंचीवरून वेगळी जागा दिली तर उद्या मुकादम वयावरून देतील, परवा आवाजावरून.

मापवालीने समजवायचा प्रयत्न केला. ती म्हणाली, चौथरा सगळ्यांना सारखा असेल, पण तुमचे खांदे सारखे नाहीत. तिला कुणी उद्धटपणे उत्तर दिलं नाही. तिला नुसतं माहीत नव्हतं की त्या ओट्यावर काय होऊन गेलंय, आणि ते कुणी तिला सांगितलं नाही, कारण शिडी तिथेच बसली होती. शेवटी मधली उंची ठरली. सहाजणींच्या मापांची बेरीज करून भागाकार केला आणि त्या मापाचे चौथरे बांधले. नंतर लक्षात आलं की ती उंची सहापैकी एकीलाही बरोबर बसत नाही. बसते ती फक्त मुकादमांना, आणि त्यांनी आजवर मशिनातून एक रुमालही काढलेला नाही.

टिंगूला त्या मशिनाचं तोंड छातीच्या वर येतं. आतल्या चादरी मागच्या बाजूला पीळ घालून बसलेल्या असतात. ती चवड्यांवर उभी राहते, कडेवर छाती टेकवते, हात डोक्याच्या वरून आत घालते आणि ओढते. मी हे पाहिलेलं आहे. विहिरीत पडलेली बादली वाकून काढणारं माणूस जसं दिसतं, तशी ती दिसते, फक्त उलटी, वरच्या दिशेने. सुरुवातीला तिने एक लाकडी पायरी करून घेतली होती. ती ओल्या फरशीवर सरकायची. बाकीच्यांना ती प्रत्येक वेळी पायाने बाजूला ढकलावी लागायची, आणि एकदा ढकलगाडी तिच्यावर अडून ओल्या चादरींसकट कलंडली. मग पायरी उचलून भिंतीशी ठेवली. तिच्यावर आता साबणाचे डबे आहेत. पायरी परत मागायची तिला लाज वाटली असावी. सगळ्यांना मिळत नाही ते तिला एकटीला नको असतं.

जावयाने जिन्यात सांगितल्यावर मी लगेच काही बोलले नाही. पुढच्या सुट्टीच्या दिवशी टिंगू शिडीला घेऊन माझ्याकडे आली. माझ्या खोलीतला पडद्याचा दांडा निखळला होता आणि शिडी घरात असली की स्टूल लागत नाही. दांड्याचे स्क्रू लांबीला कमी पडले म्हणून टिंगू नवे आणायला खाली गेली. शिडी तोवर जमिनीवर पाठ टेकून सरळ पडली. मी घाबरले. ती म्हणाली, "काही नाही काकू. या आठवड्यात माझा चिमटा ओट्यावर आहे. घरी गेले की असंच आडवं पडायचं, मग पाठ जागेवर येते."

मी विचारलं, टिंगूला माहीत आहे का? तर म्हणाली, तिला कशाला सांगायचं. सहा आठवड्यांत एकदाच तर येतो ओटा, पूर्वी रोजच होता. तिच्या डॉक्टरने तिला वाकायला बंदी केलेली आहे. सरळ उभं राहून कितीही ओढायला सांगा, ते जमतं. मशिनाच्या आठवड्यात तिला काहीच होत नाही. मशिनाचं तोंड तिच्या पोटाशी येतं. मग ती हसली.

"तुमच्या पोरीने न्याय केला बघा, काकू. मला वाकवलं आणि स्वतःला टांगलं."

ती हे प्रेमाने म्हणाली. तिच्या बोलण्यावरून कळलं की टिंगूचा खांदा दुखतो एवढं तिला ठाऊक आहे, डॉक्टर काय म्हणाले ते नाही. मी तोंड उघडणार तेवढ्यात टिंगू स्क्रू घेऊन वर आली. शिडी झटकन उठून बसली आणि दोघी दांड्यावरून एकमेकींची थट्टा करायला लागल्या. एकीने धरायचं, दुसरीने स्क्रू फिरवायचा. स्क्रू कोण फिरवतं तेही मी पाहिलं. टिंगू खालून नुसत्या सूचना देत होती.

शिडी गेल्यावर मी विषय काढला. तिने जावयाला एक शिवी घातली, मग खुर्चीत बसली. मी म्हटलं, "घरात सगळं खाली आणलंस. तिथे का नाही आणत?"

"घरात पाळी नसते, आई."

"मग सांग ना, मला मशीन नको म्हणून. दाखव डॉक्टरचा कागद."

"आणि मुकादम काय म्हणतील? म्हणतील, घ्या, चाकवालीच चाकावरून उतरली. एकदा कागदावर जागा मिळायला लागली की त्यांच्या भाचीला कागद मिळायला कितीसा वेळ लागतो? ती पंख्याखाली जाईल कायमची, आणि ओट्यावर कोण जाईल ते तुला मी सांगायला नको."

"शिडीला विचारलंस?"

"तिला काय विचारायचं? ती हो म्हणेल."

"मग?"

"म्हणूनच विचारत नाही. ती मला कशालाच नाही म्हणणार नाही. ते विचारणं नसतं, आई."

मी म्हटलं, हात गेला तर? तर ती म्हणाली, डावा आहे की. आणि हसली. मला तिचं ते हसू अजिबात आवडलं नाही. जाताना दारात थांबून म्हणाली, तू कुणाशी काही बोलायचं नाहीस. मी मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते तिने विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

ती गेल्यावर मी दोरीवरचे सहा चिमटे काढले आणि टेबलावर एक ताटली पालथी घातली. काळजी लागली की मला हाताला काहीतरी चाळा लागतो. सहा घरं कल्पून चिमटे कडेने लावले आणि एकेक घर पुढे सरकवत गेले. सगळी पाळी आहे तशीच ठेवली, फक्त एक बदल केला. टिंगूचा चिमटा मशिनावर आला की तिच्या जागी शिडीने जायचं, आणि शिडी त्या आठवड्यात जिथे असेल तिथे टिंगूने. शिडीचा ओट्यावर आला की तिच्या जागी टिंगूने जायचं, आणि टिंगूची जागा शिडीने घ्यायची. बाकी चारजणींच्या चिमट्यांना धक्काही लागत नाही. पंख्याखाली जेवढे दिवस दोघींना मिळून आज मिळतात तेवढेच मिळतात. मुकादमांना ठरवायला काही उरत नाही. आणि माझ्या लेकीच्या वाट्याला काय येतं, तर ओटा, दोघींच्या वाटचा. ज्या जागेला सगळ्या नाक मुरडतात ती जागा दुप्पट. तिने स्वतःसाठी काही सोयीचं मागून घेतलं, असं रोलरवरची आजीबाईसुद्धा म्हणू शकणार नाही. ओटा टिंगूच्या बरोबर मांडीशी येतो. तिला तिथे ना शिडीसारखं दुमडावं लागतं, ना टांगावं लागतं.

मी पुन्हा पहिल्यापासून सरकवून पाहिलं. कुठे तरी चूक असणार असं वाटत होतं. नव्हती.

आज संध्याकाळी ती नातीला माझ्याकडे सोडायला आली तेव्हा मी तिला ताटली दाखवली. तिने उभ्या उभ्या चिमटे फिरवून पाहिले. डाव्या हाताने. मग म्हणाली, बरोबर आहे, मला सुचलं नव्हतं. मला वाटलं, सुटलं. पण ती म्हणाली, हे मी बोलणार नाही. मी बोलले की ते माझ्या खांद्यासाठी मागितल्यासारखं होतं. शिडीला वाटलं तर शिडीने म्हणावं.

आणि शिडीला ते वाटणारच नाही, कारण शिडीला वाटतं की त्या चाकाला बोट लावणं म्हणजे टिंगूच्या काळजाला हात घालणं. एक हिच्यासाठी गप्प, एक तिच्यासाठी गप्प. दोघी रोज एकत्र डबा खातात, एकमेकींच्या मुलांचे कपडे एकमेकींना देतात, आणि एकीची पाठ दुसरीला माहीत नाही, दुसरीचा दोर पहिलीला माहीत नाही. दोन्ही ठाऊक असलेली अशी मीच एक आहे, आणि मला बोलायला बंदी आहे.

आता घरात निजानीज झाली आहे. नात माझ्या पलंगावर आडवी पसरून झोपली आहे, तीही चणीने लहानच. लेकीला जे नको आहे ते आपण करावं का, हे मी कागदावर लिहून स्वतःलाच विचारते आहे. मुकादमांना फोन केला तर ती मला जन्मात क्षमा करणार नाही, आणि बरोबरच करेल. मापवालीला केला तर ती कागद पाठवेल, आणि कागदाचीच तर टिंगूला भीती आहे. जावयाला सांगून उपयोग नाही, तो घरातलं आणखी काहीतरी खाली आणेल, आणि आता खाली आणण्यासारखं फक्त छत उरलंय.

माझ्या लेकीचं एक खरं आहे. उपकार म्हणून मिळालेली जागा तिला टोचेल. पण शिडी माझ्या घरी जमिनीवर पाठ टेकून पडली होती, तिला उपकार करायचे नव्हते. तिला वाकायचं नव्हतं. तिलाही काही हवं आहे, आणि ते माझ्या लेकीकडे आहे. हे टिंगूला दिसत नाही, कारण शिडीने ते तिला कधी दिसू दिलं नाही.

परवा सोमवार. चाक फिरेल आणि टिंबाचा चिमटा मशिनावर जाईल. चाक कधीही चुकत नाही, तिनेच तसं केलं आहे. मध्ये उद्याचा एक दिवस आहे. पडद्याच्या दांड्याच्या वेळी शिडीने मला आपला नंबर दिला होता, पुन्हा काही निखळलं तर बोलवा म्हणाली होती. ती सुट्टीच्या दिवशीही लवकर उठते.

काय बोलायचं तेही ठरवलं आहे. टिंगूला मदत कर, असं म्हणायचं नाही. आधी तिच्या पाठीचं विचारायचं. मग तिच्या डॉक्टरने सांगितलेलं तिच्याकडूनच पुन्हा वदवून घ्यायचं. मग टिंगूच्या डॉक्टरांनी सांगितलेलं, जसंच्या तसं, रडं न आणता सांगायचं. मग चिमट्यांचं सांगायचं, आणि गप्प बसायचं. नाही म्हणायची मोकळीक तिला खरोखर असली पाहिजे. ती नाही म्हणाली तर मी पुन्हा आग्रह करणार नाही. हो म्हणाली, तर सोमवारी चाकापुढे उभी राहून ती स्वतःच्या पाठीबद्दल बोलेल, आणि टिंगूला ते सगळ्यांच्या देखत ऐकावं लागेल.

त्यानंतर माझी लेक माझ्याशी काही दिवस बोलणार नाही. नातीला सोडायला येईल, दारातूनच जाईल, आणि विचारलं तर घाई आहे म्हणेल. ते मी सोसेन. उद्या सकाळी मी शिडीला फोन करणार आहे.